सामाईक फोल्डरचे एकेचाळीस होकार

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी तपासणी विभागात आहे. ओतलेला भाग मशिनवरून उतरला की त्याला कॅलिपर लावायचा आणि माप वहीत लिहायचं. बसत असेल तर तो पुढं जातो, नसेल तर बाजूला ठेवायचा. सव्वीस वर्षं हेच करतोय. त्यामुळं घरात काही मोजायचं निघालं की सगळे माझ्याकडं बघतात. मंडपात खुर्च्या किती लागतील, टाकीत पाणी किती दिवस पुरेल, हे मला विचारतात. उत्तर बरोबर आलं तर कुणी काही बोलत नाही. चुकलं तर वर्षभर ऐकावं लागतं.

माझी धाकटी बहीण जवळच हिंडलग्याला दिली आहे. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा घरी येतो. घरात ती, तिची मुलगी आणि सासू. ती एका पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटर शिकवते. अकरा वर्षं दरवर्षी नवा करार करून शिकवत होती. दोन वर्षांपूर्वी संस्थेनं तिला पहिल्यांदाच तीन वर्षांचा करार देऊ केला. त्यात एक अट होती. करार चालू असेपर्यंत बाहेरचा कुठलाही व्यवसाय करायचा नाही. उत्तर द्यायला चार महिने होते.

एरवी तिनं डोळे मिटून सही केली असती. पण त्याच्या आदल्या सुट्टीत तिनं एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. दुकानात किंवा ऑफिसात दोन, तीन, चार कॉम्प्युटर असतात. एकावर केलेली फाइल दुसऱ्यावर न्यायची तर कुणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन उठतं, नाहीतर मोबाइलच्या ग्रुपवर टाकतं आणि चार फुटांवरच्या माणसाला ओरडून सांगतं, ‘पाठवलंय बघ.’ कॉम्प्युटरमध्ये फाइल वाटून घ्यायची सोय मुळातच असते, पण ती मधेच पासवर्ड मागते, मधेच शेजारचा कॉम्प्युटर दिसेनासा होतो, आणि मग दुकानदार कंटाळून परत पेन ड्राइव्ह काढतो. बहिणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या कॉम्प्युटरांवर एकच सामाईक फोल्डर दिसायचा. एका टेबलावर ठेवलेली फाइल दुसऱ्या टेबलावर लगेच हजर. इंटरनेट लागत नव्हतं. ती फाइल दुसऱ्या कुणी उघडून ठेवली असेल तर वर एक लाल पट्टी यायची, मराठी आणि कन्नड दोन्हीत: ‘पलीकडच्या टेबलावर उघडी आहे.’ ही पट्टी तिनं सहज घातली होती. मला दाखवताना या पट्टीबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती.

एका रविवारी ती येळ्ळूरला माहेरी आली आणि मला म्हणाली, “अण्णा, हे विकायचं तर गिऱ्हाईक किती हाईत ते आधी कळाया पायजे. मोजून देशील काय?”

“देतो की. त्यात काय हाय?”

“लई काय हाय,” ती म्हणाली. “तुझ्या आकड्यावर मी सही करायची का न्हाय ते ठरवणार हाय.”

मी आठ रविवार आणि रजेचे तीन दिवस घातले. बेळगावात चौतीस ठिकाणी गेलो, निपाणीत अठरा ठिकाणी. एकूण बावन्न. पत्रिका छापणारे प्रेसवाले, फोटो स्टुडिओ, मशिन शॉप, टॅक्सची कामं करणारी ऑफिसं, शिकवण्या, जिथं दोनपेक्षा जास्त कॉम्प्युटर दिसतील तिथं. वहीत रकाने आखले होते. दुकान कसलं, कॉम्प्युटर किती, मालक भेटला का, उत्तर काय. शेवटी मोकळा रकाना होता, त्यात मी चहा दिला का तेही लिहिलं, कारण रकाना मोकळा ठेवायची मला सवय नाही.

निकाल असा होता. होकार एकेचाळीस. नकार चार. मालक जागेवर नाहीत सात. बेरीज जुळत होती. मी ती तीनदा तपासली आणि हिंडलग्याला गेलो. स्कूटरवर जाताना, खरं सांगतो, मी मनात तिच्या ऑफिसची पाटी रंगवत होतो.

बहिणीनं वही घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. तिची सासू शेजारी लसूण सोलत बसली होती. ही बाई कधी शाळेत गेलेली नाही, पण तिच्यासमोर बसलं की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं.

“एकेचाळीस,” मी म्हणालो. “मालक भेटले त्यातल्या शंभरात एक्क्याण्णव.”

बहीण खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “अण्णा, तू प्रश्न कसा विचारलास? जसाच्या तसा सांग.”

“नमस्कार करायचो. येळ्ळूरचा म्हणून सांगायचो. मग म्हणायचो, आमच्या धाकट्या बहिणीनं असं असं एक सॉफ्टवेअर केलंय, मिळालं तर घ्याल काय?”

सासू लसूण ठेवून हसायला लागली. “पाव्हणं, तुमी सॉफ्टवेअर इकायला गेलतासा का भणीला स्थळ बघायला?”

बहीणही हसली, पण तिचा चेहरा उतरला होता. “कोण न्हाय म्हणंल, अण्णा? भाऊ उन्हातनं दारात आलाय, भणीचं काम सांगालाय. तूच सांग, तुझ्या दारात असं कोण आलं तर तू काय म्हणशील?”

मी विचार केला. मी ‘व्हय की, घेऊया की’ असंच म्हणालो असतो, आणि नंतर विसरून गेलो असतो.

आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. ‘बघूया की’ म्हणतात, ‘ठेवून जावा’ म्हणतात. निपाणीकडचे ‘आयतु, आयतु’, म्हणजे झालंच समजा, म्हणून मान हलवतात आणि खुर्ची पुढं करतात. हे मला जन्मापासून माहीत आहे. एरवी या शब्दांचा अर्थ मी बरोबर लावतो. हातात वही आली आणि तेच शब्द मी होकाराच्या रकान्यात लिहीत गेलो.

“किंमत किती जणांनी विचारली?” बहिणीनं विचारलं.

“दोघांनी.”

“कधी मिळंल म्हणून?”

“कुणीच न्हाय.”

“आणि चहा?” सासूनं विचारलं.

मी रकाना बघितला. “सदतीस.”

“मग तेवढं खरं हाय,” सासू म्हणाली.

मला राग आला होता, तो स्वतःचा होता की त्यांचा हे तेव्हा कळलं नाही. आठ रविवार गेले होते आणि करारावर सही करायला अजून सात आठवडे उरले होते. मी म्हणालो, “मग मोजायचं तरी कसं? माणसाच्या तोंडचं मोजायचं न्हाय तर काय मोजायचं?”

सासूनं जे सांगितलं ते मी तेव्हा नीट ऐकलंही नव्हतं. ती पूर्वी दूध घालायची. दोन म्हशी होत्या, बावीस घरं होती. बावीसही घरं म्हणायची, मावशी, तुमच्यासारखं दूध कुठं न्हाय. एकदा दोन्ही म्हशी एकदम आटल्या. दूध बंद झालं. “तवा सहा घरांतनं बाया चालत आल्या,” ती म्हणाली, “कवा व्यायाची म्हस म्हणून इचारत. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी पिशवी आणली. मी सहाच घरं धरून बसले. म्हस व्याल्यावर त्यास्नीच पैला रतीब.”

बहिणीनं वही मिटली. मग म्हणाली, “आत्ती, मला हे आधी का सांगितलं न्हायसा?”

“तू म्हशीचं कवा इचारलीस?”

पुढच्या आठवड्यात बहिणीनं काम नव्यानं सुरू केलं. मी सोबत असायचो, पण बोलायची परवानगी नव्हती. ती कुणालाच ‘घ्याल काय’ असं विचारत नव्हती. ती म्हणायची, “मला एक तासभर इथं बसू द्या, तुमी काम कसं करता ते बघायचं हाय.” आणि बसायची. वहीत उभ्या रेघा मारायची. पेन ड्राइव्ह एका टेबलावरून दुसऱ्यावर गेला की एक रेघ. ग्रुपवर फाइल पाठवली की एक. ‘कुठली फाइल? नवी का जुनी?’ असं कुणी ओरडलं की त्याची वेगळ्या जागी एक. मी मापं घेण्यात आयुष्य घातलं आहे, पण मला विचारायचं सुचलं होतं आणि तिला बसायचं. एका टॅक्सच्या ऑफिसात तासाभरात पेन ड्राइव्ह सोळा वेळा फिरला आणि कुणाची काही तक्रार नव्हती. फिरवणारा माणूस उलट तेवढंच उठणं होतं म्हणून खूश होता. माझ्या वहीत त्या ऑफिसचा होकार ठळक होता. तिनं त्यापुढं लिहिलं, ‘त्रास नाही.’

अशी बरीच ठिकाणं बघून तिनं नऊ निवडली. तीन प्रेस, दोन मशिन शॉप, दोन स्टुडिओ, ते टॅक्सचं ऑफिस आणि एक शिकवणी. टॅक्सचं ऑफिस का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “माझा अंदाज चुकतोय का ते पण बघायला पायजे की.” नऊही ठिकाणी सॉफ्टवेअर बसवलं आणि उघड सांगितलं की हे अठरा दिवस चालेल, मग आपोआप बंद होईल. काही लपवलं नाही. फक्त बंद व्हायच्या आधी आठवण करून द्यायची नाही आणि बंद झाल्यावर आपण फोन करायचा नाही, हा नियम तिनं केला.

“तू पण जायाचं न्हाय,” तिनं मला बजावलं. “सहज म्हणून पण न्हाय.”

मी हा नियम मोडला. एकोणिसाव्या दिवशी, म्हणजे सॉफ्टवेअर बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, कामावरून येताना एका स्टुडिओसमोर स्कूटर थांबवली. आत गेलो, पासपोर्ट फोटो काढायचाय म्हणालो, आणि निघताना विचारलं, “ते आमचं सॉफ्टवेअर चाललंय न्हवं?” मालक म्हणाला, “अहो बंद पडलंय की! बरं झालं आलासा.” मी हवेत तरंगत घरी आलो आणि बहिणीला फोन करून सांगितलं.

मी काय विचारलं ते तिनं जसंच्या तसं सांगायला लावलं. मग म्हणाली, “अण्णा, त्यांचा फोन आला तर आता मोजायचा न्हाय.”

“का? त्यो मनापासनं म्हणाला.”

“म्हणाला असंल. पण तू दारात गेलतास.”

दुसऱ्या दिवशी त्या स्टुडिओचा फोन खरंच आला. बहिणीनं गोड बोलून घेतलं, सॉफ्टवेअर परत चालू करून दिलं, आणि वहीत त्या ओळीवर आडवी रेघ मारली. एकेक गिऱ्हाईक सोन्यासारखं होतं तेव्हाची ही गोष्ट आहे. मी फाउंड्रीत शंभर वेळा बघितलं आहे, माप थोडक्यात चुकलं की माणूस कॅलिपर जरा दाबून धरतो. मीही कधी धरला असेल. तिनं धरला नाही.

बाकीच्या आठ ठिकाणांहून पहिले दोन दिवस काहीच आलं नाही. करारावर सही करायला दहा दिवस उरले होते. बहीण कॉलेजला जात होती, येत होती, मुलीचा अभ्यास घेत होती. मी मात्र दर तासाला मोबाइल बघत होतो.

तिसऱ्या दिवशी निपाणीच्या प्रेसवाल्यांचा फोन आला. मी तेव्हा हिंडलग्यालाच होतो. तिनं फोन स्पीकरवर टाकला. हे गृहस्थ पन्नाशीतले, बोलायला लागले की एक वाक्य मराठीत आणि पुढचं कन्नडात. त्यांच्याकडं लग्नपत्रिका दोन भाषांत होतात. वर मराठी, खाली कन्नड, मुलाकडचे वाचतात एक आणि मुलीकडचे दुसरं. मराठी मजकूर त्यांची बायको बसवते, कन्नड त्यांची भावजय, दोघींची टेबलं भिंतीच्या अलीकडं-पलीकडं. फाइल मात्र एकच.

“आक्का, तुमची ती लाल पट्टी कुठं गेली?” ते म्हणाले.

“बंद झाली, काका. अठरा दिवसांची होती, सांगितलं होतं की.”

“सांगितलं हुतासा, व्हय. पर काल काय झालंय ऐका. मुहूर्त बदलला. हिनं मराठीत बदलून ठेवला. तिनं तवाच कन्नडातला मुहूर्त आणि नावं दुरुस्त करून तीच फाइल ठेवली. हिची गेली. मराठीत साडेबारा पायजे हुतं तितं जुनं सव्वाअकरा आलं. मग हिनं परत केलं, तर तिची नावं गेली. आता दोघी एकमेकींशी बोलत न्हाईत आणि मी मधी उभा हाय. वऱ्हाडानं दोनदा अक्षता टाकायच्या काय?”

मागून बाईचा आवाज आला, “माझी फाइल आधी ठेवली हुती म्हणून सांगा!”

“ऐकलासा?” ते म्हणाले. “तुमचं ते फोल्डर-बिल्डर राहू दे. पेन ड्राइव्ह हाय आमच्याकडं. मला ती पट्टी तेवढी द्या. कवा येतासा सांगा, आणि किती घेणार तेबी सांगा.”

बहिणीनं फोन ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण ती आधी वहीकडं गेली. तारीख लिहिली, वेळ लिहिली, आणि पुढं लिहिलं, ‘कधी आणि किती, दोन्ही विचारलं.’

त्या आठवड्यात उरलेल्या दोन्ही प्रेसचे फोन आले. दोन्हीकडं दोन भाषांतल्या पत्रिका, दोन माणसं, एक फाइल. चौथा फोन एका मशिन शॉपचा होता. तिथं ड्रॉइंग एक जण सुधारतो आणि दुसरा मशिनवर पाठवतो, आणि जुन्या ड्रॉइंगवर माल कापला गेला की काय होतं हे मला कुणी सांगायला नको. टॅक्सचं ऑफिस, शिकवणी, दुसरा स्टुडिओ, दुसरं मशिन शॉप, या चौघांकडून शेवटपर्यंत काही आलं नाही. सॉफ्टवेअर बंद पडल्याचं त्यांना कळलंही नसावं.

रेघ मारलेला स्टुडिओ सोडला तर आठातले चार. मी लगेच हिशेब मांडला. बावन्नला या प्रमाणात सव्वीस येतात.

“तसं धरायचं न्हाय,” बहीण म्हणाली. “ही नऊ मी निवडून घेतलीत. वाटंल ती उचलली न्हाईत.”

“मग आकडा काय धरायचा?”

“चार.”

“चारांवर नोकरी सोडणार हायस?”

ती म्हणाली, “तू एकेचाळीस घेऊन आलतास तवा मला झोप लागत न्हवती. त्यातलं एक पण काय मागायला आलंय ते मला म्हाईत न्हवतं. ह्या चौघांस्नी काय पायजे ते मला आता नीट ठाऊक हाय. फाइल वाटायची सोय सगळ्यांकडं कशी ना कशी हाय, अण्णा. दोन माणसं एकाच फाइलवर बसली की भांडण होतंय. त्याच्यावर कुणाकडं औषध न्हाय.”

मी तिला सही करायचाच सल्ला दिला. तीन वर्षं पगार नक्की, नंतर बघता येईल, असं म्हणालो. या सीमाभागात दोन भाषांत काम करणारे प्रेस किती, हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि ज्याचा आकडा नाही त्यावर पाय ठेवायला मी तयार नव्हतो. सासूला विचारलं तर ती म्हणाली, “माझ्या सहा घरांवर ह्याचं शिक्षण झालं,” आणि फौजेतल्या मुलाच्या फोटोकडं बोट केलं. ‘ह्याचं’ म्हणजे बहिणीच्या नवऱ्याचं. बहिणीनं कुणाशी वाद घातला नाही. नवऱ्याशी फोनवर एकदा बोलली. तो काय म्हणाला ते मी विचारलं नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी मी तिला स्कूटरवरून कॉलेजला सोडलं आणि बाहेर थांबलो. ती पस्तीस मिनिटांनी आली. हातात कराराचा कागद होता आणि सहीची जागा कोरी होती.

“तीन वर्षांचा नको म्हटलं,” ती म्हणाली. “तासावर शिकवीन, सकाळचे चार तास, अट काढा म्हटलं. मोठे सर बघतो म्हणाले.”

‘बघतो’ म्हणजे काय हे आता दोघांनाही माहीत होतं.

“ते देणार न्हाईत,” तीच म्हणाली. “दिलं तर बरं. निपाणीची गाडी आत्ता कितीला हाय?”

खांद्यावर लॅपटॉपची पिशवी होती. म्हणजे ती घरातूनच ठरवून निघाली होती, आणि मी वाटभर तिला सही करायची कारणं सांगत आलो होतो. मी तिला स्टँडवर नेलं. गाडी लागलेली होती. ती खिडकीजवळ बसली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि गाडी सुटायच्या आधीच उघडून काम करायला लागली. मी हात केला. तिनं बघितलं नाही. मी तिथून कामावर गेलो. सव्वीस वर्षांत दुसऱ्यांदा माझ्या हजेरीपुढं उशिराची खूण पडली. ती का पडली हे मी फाउंड्रीत सगळ्यांना आपणहून सांगितलं.